डिझेल, ऑक्सिजन आणि पाव फेरा

तारकर्लीला दोनदा डुबकी मारून आल्यापासून स्कूबाचं खूळ डोक्यात बसलंय. पुढची पायरी म्हणजे नायट्रॉक्स: आधी सिलिंडरमध्ये थोडा शुद्ध ऑक्सिजन भरायचा, वर नेहमीची हवा. हे कसं भरत असतील म्हणून हापिसात बसल्या बसल्या चित्र काढलं. सिलिंडर, नळी, गेज आणि मध्ये स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह. पाव फेरा फिरवला की काम फत्ते!

शनिवारी नसरापूरला मामेभावाकडे गेलो. दादाचं तिथे फॅब्रिकेशनचं शेड आहे, गॅस कटिंग रोजचंच. कागद बघून तो म्हणाला, "हे चालू करशील त्या दिवशी मला बोलवू नकोस." मग कोपऱ्यातल्या जुन्या इंजिनाकडे बोट दाखवलं. "याला स्पार्क प्लग दिसतो का रे?"

नाही दिसत. डिझेल इंजिन ठिणगीवर चालतच नाही. वायू झटकन दाबला की तापतो, इतका की इंधन आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलला १८९३ साली याचं पेटंट मिळालं, १८९७ मध्ये इंजिन नीट चालू लागलं. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि हेच तत्त्व आपल्याकडे विहिरीचं पाणी उपसू लागलं.

खरी गंमत पुढे आहे. डिझेल हा म्युनिकला कार्ल फॉन लिंडे यांचा विद्यार्थी. या लिंडे गुरुजींनी १८९५ साली हवा द्रवरूप करण्याचं यंत्र उभं केलं आणि १९०२ मध्ये त्या द्रव हवेतून ऑक्सिजन वेगळा काढला. म्हणजे डिझेल इंजिन आणि कारखान्यातला ऑक्सिजन, दोन्ही एकाच वर्गातून निघाले. माझ्या चित्रात नेमकी या दोघांची गाठ पडत होती.

बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात सताड उघडतो. दाबातला ऑक्सिजन नळीच्या बंद टोकावर आदळतो आणि तिथला वायू क्षणात दाबला जातो. १ वरून २०० बार, उष्णता बाहेर न जाता, असं गणित मांडलं तर उत्तर १००० अंश सेल्सियसच्या वर येतं. प्रत्यक्षात थोडी उष्णता नळी खाते, पण तेलाचा थेंब किंवा व्हॉल्व्हमधलं प्लास्टिक पेटायला उरलेली पुरते. एकदा पेटलं की शुद्ध ऑक्सिजनमध्ये स्टीलसुद्धा जळतं. दादा गॅस कटिंग करतो म्हणजे दुसरं काय करतो?

म्हणून तिथे नीडल व्हॉल्व्ह हवा. बरेच फेरे घेत सावकाश उघडणारा, शक्यतो पितळेचा, ऑक्सिजनसाठी खास धुतलेला, आत ऑक्सिजनला चालणारंच वंगण. बॉल व्हॉल्व्ह ठेवायचाच तर संकटात बंद करण्यापुरता, आणि उघडायचा तो दोन्ही बाजूंचा दाब सारखा असतानाच. शिवाय सिलिंडर भरायला परवाना लागतो. तो देणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, त्यामुळे घरगुती प्रयोग बाद.

निघताना दादाच्या मनगटावरचा डाग पुन्हा दिसला. लहानपणापासून बघतोय, पण कधी विचारलं नव्हतं. या वेळी विचारलं.

"विसाव्या वर्षी. घाईत होतो, झटकन उघडला," एवढंच म्हणाला.

असो. कागद तिथेच फाडला. नायट्रॉक्स घेईन, पण परवानावाल्याने भरलेला. आणि आधी विचारीन, "व्हॉल्व्ह किती फेऱ्यांचा आहे हो तुमचा?"