सांगणे आणि ऐकून घेणे : मराठी रंगभूमीवरील निषिद्ध प्रेमाची नाटके (१८९९ ते १९८३)

प्रास्ताविक

समाजाने ज्या प्रेमाला मान्यता नाकारली, त्या प्रेमाचे चित्रण मराठी रंगभूमीला नवे नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’ (१८८२) या नाटकात बलरामाने सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी ठरविलेला असतो आणि तिचे मन मात्र अर्जुनाकडे असते. वडीलधाऱ्यांचा निर्णय मोडून घडणारे हे प्रेम आहे. तरीही ते पाहताना तत्कालीन प्रेक्षकाला संकोच वाटला नाही. कारण या साऱ्या कारस्थानामागे साक्षात श्रीकृष्ण उभा होता. पुराणकथेतील निषिद्धाला देवाचीच अनुमती होती. नाटक पुराणातून बाहेर पडून मध्यमवर्गीय घराच्या माजघरात आले, तेव्हा मात्र प्रश्न अवघड झाला. तेथे अनुमती देणारा कोण, आणि ती न मिळाल्यास त्या स्त्रीचे काय होते, याचे उत्तर नाटककाराला द्यावे लागले.

या नाटकांचा विचार सामान्यतः दोन अंगांनी केला जातो. एक, त्यांनी कोणत्या सामाजिक प्रश्नाला वाचा फोडली. आणि दोन, त्यांना कोणत्या विरोधाला तोंड द्यावे लागले. दोन्ही अंगे महत्त्वाची आहेतच. प्रस्तुत लेखात मात्र एक तिसरा प्रश्न विचारावयाचा आहे. या नाटकांतील स्त्री आपले दुःख सांगते तेव्हा ते रंगमंचावर कोण ऐकून घेते? हा प्रश्न घेऊन ‘संगीत शारदा’ (१८९९), ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७), ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) आणि ‘कन्यादान’ (१९८३) या चार नाटकांकडे पाहिले असता, निषिद्ध प्रेमाच्या इतिहासाचा एक वेगळा आलेख हाती येतो.

शास्त्राची अनुमती : ‘संगीत शारदा’

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ रंगभूमीवर आले तेव्हा संमतिवयाच्या कायद्याला (१८९१) आठ वर्षे झाली होती. त्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर नेले आणि त्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. विवाहाच्या किमान वयाचा कायदा होण्यास १९२९ साल उजाडावे लागले. या दोन कायद्यांच्या मधल्या काळात कांचनभट आपल्या मुलीचा, शारदेचा, धनाढ्य वृद्ध भुजंगनाथाशी पैशाच्या लोभाने सौदा करतो. भर विवाहमंडपात कोदंड सगोत्रतेचा दोष उघड करतो आणि विवाह मोडतो.

विवाह मोडल्याने शारदेची सुटका होत नाही. अर्धवट विधी झालेली मुलगी धड कुमारिका नाही आणि धड विवाहिताही नाही. तिच्याशी विवाह करणे निषिद्ध आणि तिने प्रेमाचा विचार करणे तर त्याहून निषिद्ध. ती जीव देण्यास निघते, कोदंड तिला वाचवितो, आणि शंकराचार्यांची संमती मिळाल्यावर दोघांच्या विवाहाचा मार्ग मोकळा होतो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, शारदेला अडकविले तेही शास्त्राने आणि सोडविले तेही शास्त्रानेच. देवलांनी शास्त्राला नाकारले नाही. त्यातूनच वाट काढली. त्या काळातील प्रेक्षकाला नाटक स्वीकारता आले त्याचे हे एक प्रमुख कारण असावे.

शारदा गप्प नाही. तिची भीती, तिचा उद्वेग पदांतून व्यक्त होतो आणि ती पदे घराघरांत पोहोचली. पण ती बोलते कोणाशी? मैत्रिणींशी आणि आईशी; म्हणजे ज्यांचे त्या घरात काही चालत नाही अशा माणसांशी. ज्याने ऐकावयास हवे तो बाप ऐकत नाही. आणखी एक विसंगती त्या काळाच्या रंगभूमीने निर्माण केली होती. शारदेचे दुःख रंगमंचावर पुरुषनट गात होते. पुढे बालगंधर्वांनीही ही भूमिका केली. स्त्रीचे दुःख हजारो प्रेक्षकांनी ऐकले, परंतु ते स्त्रीच्या कंठातून ऐकले नाही.

हे चित्र बदलण्यास पुढील काही दशके लागली. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटकमंडळ्या पूर्वीपासून होत्या. परंतु प्रतिष्ठित मध्यमवर्गीय रंगभूमीवर स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करण्याच्या दृष्टीने नाट्यमन्वंतरचे ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) हा महत्त्वाचा टप्पा मानला जातो. श्री. वि. वर्तकांनी ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीवरून ते रूपांतरित केले होते. स्त्रीकडून अपेक्षिलेले शुद्धतेचे माप पुरुषालाही लावावे, ही त्यातील मागणी. पुरुषाला जाब विचारणारा आवाज आता खरोखरच स्त्रीचा होता.

दहा सेकंदांचे स्वगत : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता!’मध्ये शंकराचार्य नाहीत, आहे ते खोटे न्यायालय. एका गावी प्रयोगासाठी गेलेली हौशी मंडळी वेळ घालविण्यासाठी अभिरूप खटला उभा करतात. अविवाहित शिक्षिका लीला बेणारे हिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. खेळ पाहता पाहता खरा होतो, आणि विवाहित प्राध्यापक दामले यांच्यापासून तिला दिवस गेले आहेत हे उघड होते. विशेष म्हणजे दामले संपूर्ण नाटकात रंगमंचावर येतच नाहीत. निषिद्ध संबंधातील पुरुष अनुपस्थित राहू शकतो. स्त्रीला मात्र पिंजऱ्यात उभे राहावेच लागते.

अखेरीस न्यायाधीश झालेले काशीकर बेणारेला आपली बाजू मांडण्यासाठी दहा सेकंद देतात. त्यानंतरचे तिचे दीर्घ स्वगत आधुनिक मराठी नाटकातील अत्यंत गाजलेल्या स्वगतांपैकी एक आहे. सुलभा देशपांडे यांनी ते अविस्मरणीय केले. किशोरवयातील मामाचे प्रकरण, तेव्हाचा मरणाचा प्रयत्न, पुढे बुद्धीवर भाळून केलेले दुसरे प्रेम, हे सारे ती त्यात सांगते. परंतु ती बोलत असताना रंगमंचावरील सर्व पात्रे निश्चल असतात. स्वगत संपते आणि दहा सेकंदांची मुदत संपल्याचे जाहीर होते. म्हणजे खटल्यातील एकाही माणसाने तिचे बोलणे ऐकलेले नाही. ते ऐकले ते फक्त प्रेक्षागृहाने. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे न्यायालय शेवटी तिचा गर्भ नष्ट करण्याचीच शिक्षा देते, ही विसंगती अनेक अभ्यासकांनी दाखविली आहे. तिच्याइतकीच भेदक विसंगती या न ऐकलेल्या स्वगताची आहे.

परिनिरीक्षणाची दृष्टी

याच काळात नाटकांना परिनिरीक्षण मंडळाशी सामना करावा लागला. विवाहाशिवाय स्त्रियांना घरात ठेवणाऱ्या पुरुषाचे ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) हे नाटक आक्षेपार्ह ठरविले गेले. दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि नाटकाचा मार्ग मोकळा झाला. त्या लढ्याची हकीकत त्यांनी ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात सांगितली आहे. हा लढा मोलाचा होता यात शंका नाही. मात्र वाद होता तो रंगमंचावर काय बोलावे आणि काय दाखवावे याविषयीचा. बोललेले ऐकले जाते की नाही, हे कोणत्याही न्यायालयाला ठरविता येणारे नव्हते. तो प्रश्न नाटकालाच हाताळावा लागला.

कोणाची गोष्ट? : ‘मित्राची गोष्ट’

१९८१ साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडी यांनी सुमित्रा ऊर्फ मित्राची भूमिका केली. स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम हा विषय इतक्या उघडपणे मांडणारे हे आरंभीच्या काळातील महत्त्वाचे मराठी नाटक होय. महाविद्यालयातील एका नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते, नमा तिची नायिका असते, आणि त्या निमित्ताने मित्राला आपल्या मनाचा शोध लागतो. ‘शारदा’च्या काळात पुरुषाने स्त्रीवेष घेणे सर्वमान्य होते आणि त्यातून कोणाचेही गुपित फुटत नव्हते. येथे एका मुलीने पुरुषवेष घेतला आणि तिचे सारे आयुष्य उघडे पडले.

नाटकाच्या शीर्षकाला दोन अर्थ आहेत. ‘मित्रा’ या नावाच्या मुलीची गोष्ट आणि ‘मित्र’ असलेल्या पुरुषाची गोष्ट, असे दोन्ही अर्थ मराठी षष्ठीत एकरूप होतात. निवेदन बापूचे आहे. हा भिडस्त तरुण मित्रावर जीव लावतो, तिचे गुपित सांभाळतो, भेटींसाठी आपली खोलीही देतो. मित्राचे जे आपल्याला कळते ते बरेचसे त्याच्या तोंडून. आतापर्यंतच्या नाटकांत नसलेला श्रोता येथे प्रथमच आला आहे. परंतु या श्रोत्याचे बळ अपुरे पडते. मान्या दळवीची दहशत, लोकापवाद आणि स्वतःची मानहानी यांपुढे बापू मागे सरतो, आणि मित्रा आत्महत्या करते.

शारदेला मरणापासून परत आणणारा कोदंड होता, कारण कोदंडाच्या पाठीशी शंकराचार्यांची संमती उभी राहू शकत होती. मित्राच्या बाबतीत धर्म, कायदा आणि महाविद्यालय यांपैकी कोणीही संमती देणारे नव्हते. एकट्या मित्राच्या सहानुभूतीवर एवढे ओझे पेलणे शक्य नव्हते, हे तेंडुलकरांनी दाखविले आहे. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीने असलेल्या समलैंगिक संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा विवाहांना मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला. मित्राच्या प्रश्नाचे अर्धेच उत्तर कायद्याने दिले आहे.

ऐकणारा बाप : ‘कन्यादान’

‘कन्यादान’मधील प्रेमाला कायद्याची आडकाठी नाही. समाजवादी नाथ देवळालीकर आपली मुलगी ज्योती हिच्या दलित कवी अरुण आठवले याच्याशी होणाऱ्या विवाहाचे स्वागत करतात. निषेध कायद्यात नसून माणसांच्या घडणीत आहे, हे नंतर दिसू लागते. शेवटच्या प्रसंगात ज्योती पित्यालाच जाब विचारते आणि पतीकडे परत जाते. चार नाटकांपैकी येथेच स्त्रीचे बोलणे ज्याच्यासाठी आहे त्याला ते समोरासमोर ऐकावे लागते. कांचनभटाने जे ऐकले नाही ते नाथांना ऐकावे लागले.

तथापि या नाटकालाही ऐकण्याची एक मर्यादा आहे. अरुणचे चित्रण हिंसक व एकांगी असल्याची टीका दलित वाचक-समीक्षकांनी केली आणि ती दुर्लक्षणीय नाही. नाटकात ज्योतीला श्रोता मिळाला. अरुणला तितक्या सहृदयतेने ऐकणारा मिळाला का, हा प्रश्न शिल्लक राहतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, निषिद्ध प्रेमाचा उच्चार करणे मराठी रंगभूमीला तुलनेने लवकर साधले. तो ऐकून घेणारे पात्र निर्माण करण्यास मात्र तिला आठ दशके लागली. शारदेने असहायांना सांगितले, बेणारेने कोणालाच नाही, मित्राला एक दुबळा श्रोता मिळाला आणि ज्योतीला एक हतबुद्ध पिता. तसेच पहिल्या तिन्ही नाटकांत नायिका मरणाच्या दाराशी जाते, ही केवळ नाट्ययुक्ती मानता येणार नाही. ऐकणारा नसण्याचे ते मोल आहे. चारही नाटके पुरुषांनी लिहिली आहेत, हेही नमूद केले पाहिजे. हिराबाई पेडणेकरांसारख्या नाटककर्तीचे नाव विसाव्या शतकाच्या आरंभी समोर येत असतानाही पुढे ती परंपरा क्षीण राहिली.

ही नाटके आज अभ्यासक्रमांतून शिकविली जातात आणि वार्षिक संमेलनांतून सादरही होतात. मित्राची कथा ज्या महाविद्यालयीन वातावरणात घडते ते आपणा अध्यापकांना परके नाही. त्या कथेत विद्यार्थी आहेत, नाटकाची तालीम आहे, वसतिगृहाची खोली आहे. मित्राने विश्वासाने जाऊन बोलावे असा एकही अध्यापक मात्र नाही. वर्गात हे नाटक शिकविताना या अनुपस्थितीकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधणे आवश्यक आहे, आणि त्याआधी आपले स्वतःचे.