नाणेघाटाची पोढी

जुन्नरहून कल्याणकडे उतरणाऱ्या नाणेघाटाचा इतिहास बहुधा तिथल्या दगडी रांजणापासून सुरू होतो. तो जकातीचा, असे परंपरा सांगते. पण घाट चालता ठेवला तो पाण्याने, असे मला वाटते. वाटेकडेच्या कातळात खोदलेल्या टाक्यांना इथले शिलालेख ‘पोढी’ म्हणतात. त्यांतली एक सोपाऱ्याच्या गोविंददासाचे दान आहे. सोपारा म्हणजे कोकण किनाऱ्यावरचे तेव्हाचे बंदर. तिथल्या माणसाने इतक्या दूर, घाटमाथ्यावर पाणी खोदवून द्यावे, यातच या वाटेवर कोणाचे पाय पडत होते ते कळते. चढून दमलेला वाटसरू आणि ओझ्याचा बैल, दोघांचीही तहान त्याच्या डोळ्यांसमोर असणार.

टाकी तर कान्हेरीच्या लेण्यांतही आहेत, ती भिक्षूंसाठी; मग ही वाटसरूंची कशावरून, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. पण नाणेघाटाच्या मुख्य लेण्यात भिक्षूंच्या खोल्या नाहीत. तिथे सातवाहन राजकुळाच्या प्रतिमा होत्या, आणि त्या कुळातल्या राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांची व दक्षिणेची मोजदाद आहे. हे विहाराचे नव्हे, रहदारीचे ठिकाण. राजकुळाने वाटेवर आपले नाव कोरले, गोविंददासाने पाणी दिले. त्या सुंदर दानाची दखल आपण फार कमी घेतली आहे.