दिवाळे आणि लग्नगडी

दिवाळी आणि दिवाळे हे दोन्ही शब्द दिव्याच्याच घरचे, असे जुनी माणसे सांगतात. देणी भागेनाशी झाली की व्यापारी म्हणे भर दिवसा पेढीवर दिवा लावी आणि गादी उलटी करून बसे. बाजार काय ते समजून घेई. त्याची पत गेली, परंतु माणूस उरला!

कायद्याने पुढे हेच तत्त्व मानले. मुंबई शहरासाठी 1909 साली आणि मुफसलासाठी 1920 साली नादारीचे कायदे झाले. त्यांप्रमाणे नादाराची मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाई आणि ती विकून सावकारांना हिश्शेराशीने पैसे मिळत. मुक्ततेचा हुकूम झाला की बहुतेक उरलेले देणे मानगुटीवरून उतरे. सरकारचे देणे आणि लबाडीने केलेले कर्ज मात्र सुटत नसे. पतीचा धाक तर मोठाच. मुक्तता होण्यापूर्वी आपली नादारी लपवून कोणी पन्नास रुपयांची उधारी केली, तरी तो गुन्हा ठरे.

शेतकऱ्यालाही थोडे संरक्षण मिळाले होते. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्या दंग्यांतून 1879 चा कायदा निघाला आणि पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांत पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले.

आता वाचकांनी जरा आशागडच्या बाजूस यावे. डहाणू-तलासरीच्या या मुलखात वारल्यांच्या जमिनी एकेक करून जमीनदार-सावकारांकडे गेल्या होत्या. ज्याच्यापाशी विकण्यासारखे काहीच नाही, त्याने दिवाळे काढायचे तरी कशाचे? आणि अशा माणसाला सावकार कर्ज तरी का देई? तारण होते, ते म्हणजे त्याचा देह. लग्नासाठी थोडी रक्कम घ्यायची आणि ती फिटेपर्यंत मालकाकडे राबायचे, याचे नाव लग्नगडी. चोपडी मालकाची, आकडा मालकाचा, अंगठा तेवढा वारल्याचा. नवऱ्याबरोबर बायकोही राबे आणि बापाचे देणे मुलाच्या डोक्यावर येई. कोर्ट नाही, हुकूमनामा नाही. तरी जन्मठेप मात्र पक्की. सायमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याच्या 1939 सालच्या अहवालातही या गुलामगिरीची नोंद झाली.

23 मे 1945 रोजी तलासरीजवळ झरी येथे वारल्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे किसान सभेचे पुढारी तेथे होते. वेठ करायची नाही आणि लग्नगडी ठेवू द्यायचा नाही, असे ठरले. मग वारल्यांचे जथेच गावोगाव जाऊन गड्यांना मोकळे करू लागले. सावकाराच्या चोपडीतले देणे कोणी फेडले नाही. ते देणेच नव्हे, असे ऋणकोंनी स्वतः जाहीर केले. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगडसह पाच जण प्राणास मुकले. ही सगळी हकीकत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

परंतु कर्ज झिडकारले म्हणजे भूक झिडकारली असे होत नाही. पावसाळ्यात घरातले धान्य संपे, तेव्हा खावटी देणारा तोच सावकार. त्याने दार लावले तर मोकळा झालेला गडी पुन्हा त्याच उंबऱ्याशी जाणार! म्हणूनच त्या लढ्यात पाचशे रत्तल गवत कापण्यास अडीच रुपये, ही मागणी लग्नगडीच्या मुक्ततेइतकीच मोलाची होती. रोखीची मजुरी हीच गरिबाची खरी पत.

सरकारी कायद्याला तेथवर यायला आणखी तीस वर्षे लागली. 24 ऑक्टोबर 1975 रोजी वेठबिगारी रद्द करणारा वटहुकूम निघाला, 1976 साली त्याचा कायदा झाला आणि वेठबिगारीची सारी कर्जे कायमची बुडीत ठरली. 1972 साली स्थापन झालेले आदिवासी विकास महामंडळ पुढे खावटी कर्ज देऊ लागले. शब्द तोच, पण तारणात माणूस नव्हता.

लक्ष्मीपूजनाला चोपडीवर हळदकुंकू वाहताना एवढे ध्यानात ठेवावे. पेढीवाल्याला दिवाळे ही नामुष्की वाटते. पण बुडूनही मोकळे राहण्याचा हा हक्क वारल्याला मात्र रक्त सांडून मिळवावा लागला.