भांडी धुणाऱ्या हातांनी मोजलेलं आकाश

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. तोशिको मायेदा त्यातल्याच एक. पुढे शिकागोच्या प्रयोगशाळेत त्यांना काम मिळालं, काचेची भांडी धुण्याचं. तिथेच त्या ऑक्सिजन मोजण्यात तरबेज झाल्या.

ऑक्सिजनचे अणू तीन वजनांचे असतात. १९६९ साली मेक्सिकोत अयेंदे उल्का पडली. तिच्या पांढऱ्या कणांत सगळ्यात हलका ऑक्सिजन पृथ्वीवरच्यापेक्षा जास्त आहे, हे १९७३ मध्ये क्लेटन, ग्रॉसमन आणि तोशिकोबाईंनी दाखवलं. म्हणजे सूर्यमाला घडली तेव्हा मूळची धूळ आणि वायू सगळीकडे एकसारखे नव्हते. पीठ नीट कालवलं नाही तर गुठळ्या राहतात ना, तसंच.

आपल्या गटात भांडी घासणाऱ्या बाईला हिशोबाची वही एकदा देऊन तर बघा.