दान, वेतन आणि हिशेब : मराठी ख्रिस्ती मंडळीतील औदार्याची वाटचाल

महाडजवळ गांधारपाले येथे डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तेथील एका ब्राह्मी लेखात कुमार काणभोज विष्णुपालित याच्या दानाची नोंद आहे : लेणे, चैत्यगृह, आठ ओवऱ्या आणि दोन्ही अंगांस पाण्याची दोन टाकी. दात्याचे नाव आणि दिलेल्या वस्तूंची संख्या दोन्ही दगडात कोरलेली आहेत. घेणारे भिक्षू मात्र अनाम राहिले. दानाच्या इतिहासात हे नेहमीच घडते. नोंद देणाऱ्याची होते. घेणाऱ्याचे पुढे काय झाले, तो कधी देणारा झाला का, हे क्वचितच लिहिले जाते. मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात मात्र हा दुसरा प्रश्नच मध्यवर्ती आहे.

तो इतिहास याच नदीच्या मुखाशी येऊन भिडतो. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूर आणि महाडवरून वाहत बाणकोटला समुद्रास मिळते. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीने आपले काम बाणकोट परिसरात सुरू केले. पुढे मुंबईत विख्यात झालेले जॉन विल्सन १८२९ मध्ये मराठी शिकण्यासाठी प्रथम याच किनाऱ्यावर राहिले. शाळा, पंतोजी, छापील पुस्तके या सर्वांचा खर्च दूरच्या स्कॉटलंडमधील उपासकांच्या वर्गणीतून चाले. तिकडच्या साध्या माणसांचे औदार्य खरे होते. पण इकडच्या माणसाच्या वाट्याला त्यात घेणाऱ्याचीच भूमिका आली.

या भूमिकेतील अडचण अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) अधिक स्पष्ट झाली. तेथे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे कार्य होते. बाप्तिस्मा घेणारा उच्चवर्णीय घरातून तुटे, तर गावकीतील महार कुटुंबांचे उत्पन्न आधीच तुटपुंजे आणि बव्हंशी धान्याच्या रूपाने मिळणारे. अशा स्थितीत शिक्षक, उपदेशक, बायबल वाचून दाखविणाऱ्या स्त्रिया यांना वेतन देणारे मिशन हेच मोठे आश्रयस्थान ठरले. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि एक साधा प्रश्न समोर आला : मराठी पाळकाचे पोट कोणी भरायचे? अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन त्याच सुमारास हिंदुस्थानात येऊन गेले. मंडळीने स्वतःचा कारभार पाहावा, स्वतःचा खर्च भागवावा आणि स्वतःच विस्तार करावा, हे त्यांचे सूत्र होते.

सूत्र निर्दोष होते; व्यवहार अवघड होता. ज्याचे वेतनच मिशनकडून येते, त्याने रविवारी दानार्पणाच्या थाळीत दशमांश टाकला, तर तो पैसा ज्या झऱ्यातून आला त्याच झऱ्याकडे वळतो. तरीही ही कृती पोकळ म्हणता येणार नाही. ज्याला गावाने आजवर केवळ मागता हात म्हणून ओळखले, त्याने मूठभर धान्य उपासनेत आणून ठेवणे म्हणजे आपले स्थान बदलणे होय. मंदिराच्या दानपेटीत दोन क्षुद्र नाणी टाकणाऱ्या विधवेची शुभवर्तमानातील कथा नगरच्या खेड्यांत वाचली जाई, तेव्हा ऐकणाऱ्यांना ती परक्या देशाची वाटण्याचे कारण नव्हते.

दानाविषयी सर्वांत कठोर शिक्षण ज्यांना लाभले, त्या पंडिता रमाबाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तीर्थाटनात आणि ब्राह्मणांना दाने देण्यात जवळचे सारे संपविले, आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले. पुण्यासाठी केलेल्या दानाचा हा शेवट रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिला होता. पुढे १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे साहाय्याचे वचन दिले. या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. मुदत संपल्यावर १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या. घेतलेल्या पैशाचे उत्तर द्यायचे असते, ही जाणीव त्यांच्या सर्व व्यवहारात दिसते. केडगावच्या मुक्ती सदनात शेती, विणकाम, छापखाना उभा राहिला, तो दुष्काळातून आणलेल्या मुलींना केवळ पोसण्यासाठी नव्हे, तर त्यांचे हात कमावते करण्यासाठी.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे औदार्य याच्या नेमके उलट जातीचे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी हाती येईल ते देऊन मोकळा होई; पाहुणे, निराधार, पोरकी मुले घरी आणी. हे आपल्याला ठाऊक आहे, ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे. त्या ग्रंथाचा विनोद आपण वर्गात कौतुकाने शिकवितो. परंतु त्यात एक सूक्ष्म जमाखर्चही आहे. पतीने दिले, आणि किंमत पत्नीच्या चुलीने मोजली. दात्याचे नाव जगाला कळते; दानामुळे रिकामा झालेला डबा कोणाच्या हाती होता, हे लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवले. त्यांच्या लेखनात कडवटपणा नाही. पुढे १९०० मध्ये त्या स्वतःही ख्रिस्ती झाल्या आणि परक्यांची मुले आपली मानू लागल्या. पण दुसऱ्याच्या वाट्यातून दिलेले दान संपूर्णपणे आपले असते का, हा प्रश्न त्या ग्रंथातून पुसला जात नाही.

टिळकांनाही तो एका मोठ्या पातळीवर जाणवला असावा. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. परदेशी वेतनावर उभा राहून स्वदेशी ख्रिस्त सांगता येत नाही, ही त्यांची धारणा होती. भजन-कीर्तनाच्या द्वारे त्यांनी उपासनेची भाषा मराठी केली होती. आता उपासनेचा खर्चही मराठी व्हावा, असा हा प्रयत्न म्हणता येईल. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. दरबारास दोनच वर्षे मिळाली.

औदार्यात वाढणे म्हणजे रक्कम वाढणे, असा सोपा अर्थ धर्मोपदेशात अनेकदा केला जातो. या इतिहासातून दिसणारी वाढ निराळी आहे. घेणारा देणारा होतो, ही तिची पहिली पायरी. घेतल्याचा आणि दिल्याचा हिशेब देता येणे, ही दुसरी; ती रमाबाईंनी गाठली. आपल्या दानाची किंमत घरात कोण मोजते आहे, हे पाहणे ही तिसरी, आणि ती लक्ष्मीबाईंशिवाय आपल्या ध्यानात आली नसती. गांधारपाल्याच्या लेखात आठ ओवऱ्यांची गणना आहे. त्या खोदणाऱ्या हातांची नाही. ‘स्मृतिचित्रे’ शिकविताना टिळकांच्या विक्षिप्त उदारपणावर वर्ग हसतो, तेव्हा त्या दुसऱ्या हातांकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधणे हे शिक्षकाचे काम आहे.