महसीरला काय हवं?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात राहणाऱ्या आम्हा लोकांना इंद्रायणी ठाऊक असते ती देहू-आळंदीमुळे, नाहीतर मोशीच्या पुलावरच्या ट्रॅफिकमुळे. पण या नदीची आणखी एक ओळख आहे, महसीर! देहूच्या डोहात या माशांना देवाचे मासे म्हणून अभय असायचं. आपल्या दख्खनी महसीरला कर्नल सायक्सनं १८३९ मध्ये शास्त्रीय नाव दिलं, तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. आज त्याला 'टॉर खुद्री' म्हणतात.

पुढे धरणं झाली, सुरुंग लावून मासेमारी झाली, पाणी बिघडलं आणि महसीर कमी होत गेला. मग १९७०च्या सुमारास लोणावळ्याला, टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर, त्याची पैदास सुरू झाली. त्यामागे होते मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यांनी सुरुवात हौदापासून नाही, माशापासून केली.

तोवर मत्स्यबीज म्हणजे रोहू-कटला, हेच समीकरण होतं. त्यांची अंडी पाण्यात अधांतरी वाहत राहतात आणि दिवसाच्या आत फुटतात. महसीरचं तंत्रच वेगळं. पावसाळ्यात तो वाहत्या, स्वच्छ, गोट्यांच्या पाण्याकडे चढतो. त्याची अंडी जड, तळाशी बसणारी. फुटायला तीनेक दिवस घेणारी. पिल्लं बाहेर आली की उजेडाला पाठ फिरवतात, कोपऱ्यात डोकं खुपसून घोळक्यानं पडून राहतात आणि शेपट्या तेवढ्या हलवत असतात. पाहणाऱ्याला वाटेल आजारी आहेत! पण नदीत तीच पिल्लं गोट्यांच्या फटीत सुरक्षित असतात.

हे एकदा कळलं की हौद कसा हवा ते मासाच सांगतो. पाणी सतत वाहतं हवं, प्राणवायू भरपूर हवा, अंडी ट्रेमध्ये पातळ पसरलेली हवीत आणि पिल्लांना अंधार हवा. लोणावळ्याला तसं केलं म्हणून तिथे लाखोंनी पिल्लं वाढली.

आपल्याकडे फ्लॅटमधल्या, रिसेप्शनमधल्या काचेच्या टाक्या पाहा. लख्ख दिवा, निळा पडदा, लपायला एक दगड नाही. मासा दिसला पाहिजे ही आपली आवड. मासा कुठे थांबेल ही त्याची. या दोन्हींत निवड करायची वेळ येते तेव्हा आपण त्याला विचारतच नाही. खायला घातलं म्हणजे सांभाळलं, असं नसतं ना!

आणि गंमत बघा, म्हणजे खरं तर गंमत नाहीच. महसीरला लागणारं स्वच्छ, वाहतं पाणी हौदात आणता आलं, ते त्याची आवड ओळखल्यामुळे. आळंदीत मात्र इंद्रायणीवर फेस तरंगल्याच्या बातम्या आपण अलीकडे वारंवार वाचतो, आणि त्या फेसात आपल्या पट्ट्यातल्या कारखान्यांचा आणि घरांचाही वाटा आहे. माशाला काय हवं ते आता पन्नास वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. ते फक्त हौदापुरतंच माहीत असून कसं चालेल?