मृगया, चोळीबांगडी आणि तीन लाख : बेंगळूर प्रांताच्या विक्रीविषयी

बेंगळूरच्या आग्नेयेस सर्जापूर रोड दोड्डकन्नेल्लीवरून, विप्रोच्या मुख्यालयापुढून, आनेकल तालुक्यातील सर्जापूर गावाकडे जातो. नंदी डोंगरात उगम पावणारी दक्षिण पिनाकिनी होसकोटेवरून दक्षिणेस वाहत या गावाच्या पूर्वेकडून पुढे तामिळनाडूत शिरते. शेत, तळे आणि नदीकाठ असा हा मुलूख आज एकराच्या आणि चौरस फुटाच्या भावाने विकला जातो. शेतकरी नसलेल्यांना शेतजमीन घेण्यास मनाई करणारी कर्नाटकाच्या भूसुधारणा कायद्यातील कलमे इ. स. २०२० च्या दुरुस्तीने वगळली गेली, तेव्हापासून खरेदीदाराची वाट अधिकच मोकळी झाली. शिकारीचा हक्क मात्र जमिनीसोबत विकता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) तो प्रश्न निकालात काढला आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी याच परिसराचा एक मोठा सौदा झाला. त्यात विकणारे घराणे मराठी होते आणि विकली गेलेली वस्तू नेमकी कोणती, हे ठरवणे आजच्या खरेदीखताइतके सोपे नव्हते.

इ. स. १६३८ मध्ये रणदुल्लाखान आणि शहाजीराजे भोसले यांच्या विजापुरी फौजेने केंपेगौडांच्या घराण्याकडून बेंगळूर घेतले. हे घराणे मागडीस गेले आणि बेंगळूर, होसकोटे, कोलार हा टापू शहाजीराजांच्या जहागिरीत आला. जहागीर म्हणजे भूमीचे स्वामित्व नव्हे, तर तिच्या वसुलावरचा, चाकरीच्या अटीने बांधलेला हक्क. काळी कसणारे रयत, पाटीलकी करणारे गौड, हिशेब ठेवणारे शानभोग हे सारे आपापल्या जागी राहात. बदलत असे तो वरचा धनी.

वाङ्मयात या हक्काचे रूप निराळे दिसते. परमानंदाच्या ‘शिवभारता’तील शहाजीराजांच्या बेंगळूरच्या दिनक्रमात मृगया आहे, साधुसेवा आहे, काव्यचर्चा, नृत्यदर्शन आणि उद्यानविहार आहे, वसूल नाही. महाकाव्याच्या राजवर्णनाची ही परंपरागत यादी आहे, हे संस्कृतज्ञांस सांगावयास नको. तरीही तिला निव्वळ संकेत म्हणून बाजूस सारता येत नाही. शहाजीराजांचा मृत्यू २३ जानेवारी १६६४ रोजी, चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे, शिकारीत घोड्यावरून पडून झाला आणि त्यांची समाधीही तेथेच आहे. काव्यातील संकेत आणि जहागिरदाराचे प्रत्यक्ष आयुष्य यांची इतकी जवळीक क्वचित आढळते. रानात शिकार खेळणे हे त्या रानावरील सत्तेचे दृश्य चिन्ह होते, आणि ज्या प्रदेशावर कागदोपत्री केवळ वसुलाचा हक्क आहे तेथे असे चिन्ह मिरवण्याची गरज अधिकच असते. जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ याच दरबारातला. वि. का. राजवाडे यांनी तो इ. स. १९२२ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. नाशिककडून आलेल्या या कवीने शहाजीराजांपुढे बारा नारळ ठेवून आपणास बारा भाषांत कविता करता येते असे सूचित केले, ही हकीकत सुपरिचित आहे. दरबार बहुभाषिक होता तो केवळ हौसेने नव्हे. जहागिरीचा मुलूखच कन्नड, तेलुगू, तमिळ, मराठी आणि दखनी यांच्या सीमेवर पसरला होता.

वारशाच्या वादात मात्र भाषा पालटते. इ. स. १६७७ च्या कर्नाटक मोहिमेत शिवाजी महाराजांनी धाकटे बंधू व्यंकोजी (एकोजी) यांच्याकडे पैतृक दौलतीचा वाटा मागितला. पुढे जो तह झाला त्याची कलमे चिटणीस बखरीच्या परंपरेतून आली आहेत. बखर बरीच उत्तरकालीन असल्याने शब्दशः विश्वास ठेवणे धोक्याचे. पण त्यांतील एक कलम वाङ्मयाच्या अभ्यासकाने दोनदा वाचावे असे आहे. बेंगळूर, होसकोटे आणि शिलेकोट हा सुमारे दोन लाख होन उत्पन्नाचा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांस चोळीबांगडीसाठी दिला आणि तो स्त्रीवंशात चालावा, असे त्यात म्हटले आहे. ज्या रानात मृगया झाली तेच येथे सुवासिनीचे आंदण होते. भावाभावांतील हिशेब मिटवताना कोणाचाच मान जाऊ नये, ही या शब्दयोजनेची कामगिरी. तिजकडे केवळ घरगुती जिव्हाळा म्हणून पाहणे भाबडेपणाचे होईल.

त्यानंतर अवघ्या दहा वर्षांत या मुलखाचा भाव ठरला. व्यंकोजी इ. स. १६७५ च्या सुमारास तंजावरास गेल्यावर बेंगळूर दूर आणि राखण्यास कठीण झाले. विल्क्सच्या कथनानुसार म्हैसूरचे चिक्कदेवराज वोडेयर यांच्याशी तीन लाख रुपयांचा सौदा ठरत असतानाच, जुलै १६८७ मध्ये, मोगल सरदार कासीमखानाने बेंगळूर काबीज केले आणि त्याच रकमेस ते म्हैसूरकरांच्या हवाली केले. होनाचा दर साडेतीन रुपयांच्या आसपास धरला, तर तहातील वार्षिक उत्पन्नाचा आकडा सुमारे सात लाख रुपये होतो. म्हणजे संपूर्ण मुलखाची किंमत त्याच्या कागदी वसुलाच्या सहा महिन्यांइतकीही नव्हती. तहातील आकडा फुगवलेला असेल, ही एक शक्यता. दुसरी अधिक संभवनीय : विकली जात होती ती जमीन नव्हेच, तर फौज उभी केल्यावाचून वसूल न होणारा दावा विकला जात होता, आणि असा दावा सवलतीतच जातो. आणखी एक अडचण आहे. तंजावरच्या वंशावळींत व्यंकोजींचे पुत्र शहाजी (दुसरे) यांचे राज्यारोहण सामान्यतः इ. स. १६८४ मध्ये दाखवितात. मग १६८७ चा विक्रेता एकोजी कसा? घराण्याचे नाव व्यक्तीस चिकटले असावे. शेवटी पैसे मोजून घेतले ते कासीमखानाने. मालक एक, विक्रेता दुसरा, असा हा व्यवहार होय.

दरबाराची बहुभाषिकता तंजावरास गेली. याच दुसऱ्या शहाजींच्या नावावर ‘पंचभाषाविलास’ हे पाच भाषांतील नाटक आहे. बेंगळूरच्या बाजूस राहिली ती कारभारी मराठी. म्हैसूरच्या हिशेबी दफ्तरांत तिचा वापर एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होता. तुलनाकारांचे लक्ष साहजिकच तंजावरकडे वळते, कारण तेथे ग्रंथ आहेत. बेंगळूरकडील मराठी ताळेबंदांत आणि कचेऱ्यांत विखुरलेली असल्याने तिला वाङ्मयाच्या इतिहासात जागा मिळाली नाही. सर्जापूरही लष्करी चाकरीच्या अटीवरील जहागिरीचे गाव होते. जुन्या गॅझेटियरांत त्याची नोंद प्रामुख्याने विणकरांचे गाव म्हणून येते : जाडेभरडे कापड, सतरंज्या आणि नवार.